नकाशात नसलेली खोली

५ डिसेंबर १९३६

"वहिनी, तुमी फक्त सही करा. बाकी आमी पाह्यतो." चार माणसांत असं म्हणाले पंजाबराव भाऊजी!

जागा माझी, हे जाताना माझ्या नावावर करून गेलेले. लेक माझी गेली, खामगावच्या रस्त्यावर, बैलगाडीत, पोटातल्या जिवासकट. म्हणून तर जागा दिली, पिंपळगावात बाळंतपणाचा दवाखाना व्हावा म्हणून. आणि मी फक्त सही करायची!

कमिटीत मी एकटी बाई. भाऊजी, माझे सख्खे दीर, अध्यक्ष. पुढ्यात कागदांचा ढीग. "यात काय लिहिलं आहे?" एवढंच विचारलं, तर हसले सगळे. कोणीतरी मागून, "बाईमाणसाले एस्टिमेट काय समजल!" मी दौत सरकवून दिली. सही केली नाही. उठून आले. घरी येईपर्यंत कान तापलेले होते.

६ डिसेंबर

राग उतरला नाही. भाकरीही करपल्या.

९ डिसेंबर

बुलढाण्याच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे ओव्हरसियर इंद्रभान जागा मोजायला आले. वयस्कर माणूस, दम्याचा, बोलता बोलता थांबतो. ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, तुमच्याजवळचे हे कागद मला समजावून सांगा. ते कचरले. "अध्यक्षसाहेबांले विचारलं का बाई?" म्हटलं, "माझ्या जागेवर काय उभं राहणार, ते मी त्यांना विचारून समजून घेऊ?" मग बसले बिचारे.

अक्षरं सगळी इंग्रजी. त्यांनी एकेक वाचून दाखवलं. नकाशा म्हणजे छप्पर उचलून वरून पाहिलेलं घर. जाड रेघ ती भिंत, रेघ तुटली तिथं दार. एस्टिमेट म्हणजे खर्चाचा अंदाज. तिसरा कागद कामाचा तपशील: वीट कशी, चुना कसा मळायचा, छताला काय घालायचं. चौथा करारनामा. तो ठेकेदाराशी. कमिटी मालक, बुलढाण्याचे इंजिनियर ठरवणारे, ओव्हरसियर तपासणारे, ठेकेदार बांधणारा. एकानं दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही.

"अन् काही बदलायचं असलं तर?"

"लेखी. इंजिनियरसाहेबाच्या सहीनं."

"अध्यक्षांनी तोंडी सांगितलं तर?"

"तोंडी सांगतल्याले काय किंमत हो बाई!"

हे ऐकून मला भारीच बरं वाटलं.

बदल कधीपर्यंत होतो तेही विचारलं. म्हणाले, "चुना टाकून आखणी होईपर्यंत सोपा. पाया भरला का कठीण. भिंत उभी राह्यली का मंग भांडणच."

एवढं साधं होतं तर! मग आजवर कोणी सांगितलं का नाही? सांगायचं नव्हतं म्हणून!

१० डिसेंबर

इंद्रभानांकडून ठेवून घेतलेला नकाशा दिवसभर पाहिला. पूर्वेची मोठी खोली, दोन खिडक्या, पुढं ओटा. ती कोणाची? कमिटीची! बैठकीसाठी! आणि बाळंतिणीची खोली मागं, संडासाला लागून, खिडकी एक आणि तीही वितभर. दवाखाना कोणासाठी बांधून राहिले हे लोक?

१४ डिसेंबर

बैठकीत सांगितलं: खोल्यांची अदलाबदल करा, मग सही. भाऊजी लाल झाले. "उद्या साहेब येतीन, त्याईले बसायले जागा नको?" म्हटलं, "साहेब बाळंत होणार आहेत का?"

कोणी हसलं नाही या वेळी. पण अर्ज गेला बुलढाण्याला!

२ फेब्रुवारी १९३७

नवा नकाशा आला. तांबड्या शाईच्या रेघा, खाली इंजिनियरसाहेबांची सही. पूर्वेची खोली बाळंतिणींची. एकच मोठा वॉर्ड, समोर एकच दार, सगळ्यांना. मी सही केली. मोडी नाही, चांगलं बाळबोध अक्षर. वाचता यावं सगळ्यांना.

२० फेब्रुवारी

आखणी झाली. चुन्याच्या रेघांमधून चालले. दारातून आत शिरले, खिडकीपाशी उभी राहिले. नुसती जमीन, पण मला खोली दिसत होती. लेकीची आठवण आली. लगेच परत आले.

११ एप्रिल

आग झाली आहे अंगाची! नुसती आग!

माहेरी लग्नाला गेले होते. परत येऊन कामावर पाहते तर मागच्या अंगाला, संडासाच्याही पलीकडं, पाया भरून कंबरेएवढी भिंत! नकाशात नाही. ठेकेदार मोतीराम तिथंच होता. विचारलं, हे काय?

"अध्यक्षांनी सांगतलं. महारवाड्यातल्या बायांसाठी येगळी खोली."

"खिडकी कुठं आहे?"

"खिडकीचं काही बोलले नाही ते."

"लेखी काय आहे तुमच्याजवळ?"

मान खाली. "तोंडीच सांगतलं, मंग बांधून राह्यलो."

खिडकी नाही, ओटा नाही, दार नाल्याकडं! गुरांना बांधतो ती जागा तरी बरी असते. तशीच भाऊजींकडं गेले. ते झोपाळ्यावर सुपारी कातरत बसले होते. "वहिनी, उगा काऊन चिडता? खोली देऊन तर राह्यलो त्याईले! एका छताखाली ठेवलं तर आपल्यातली एक बाई पाय नाही ठेवणार. दवाखाना ओस पडल. मंग?" मी म्हटलं, "मग ओस पडू द्या!" बोलून गेले. परत घेणार नाही.

१३ एप्रिल

इंद्रभानांना निरोप धाडला. ते आले, भिंतीभोवती फिरले, भिंतीला छत्री टेकवून नकाशा उघडला. बोलले एकच: "मी हे मापात धरू शकत नाही, याचे पैसे नाही निघनार." मोतीरामचं तोंड उतरलं. मी बुलढाण्याला अर्ज लिहिला.

३ मे

हुकूम आला. मंजूर नकाशाबाहेरचं बांधकाम काढून टाकावं. भिंत पडली! मी उभी राहून पाहिलं. पहिल्या घावाला टाळी वाजवावीशी वाटली.

४ मे

गोजरबाई आली होती. महारवाड्यातली, माझ्या शेतात निंदणाला येते. अंगणाच्या कडेला उभी राहिली. मला वाटलं, आभार मानायला आली. म्हणाली, "बाई, खोली तरी भेटून राह्यली होती आमाले. तुमी पाडली."

मी म्हटलं, "अगं, तिला खिडकीसुद्धा नव्हती! तुम्ही समोरच्या दारानं या. हक्काचं दार आहे ते."

"याले काय, येईन मी. पण दार उघडल कोन?"

ती गेली. राग आला, तिचा नाही. कोणाचा तेच कळेना.

१९ मे

छतावर पत्रे चढले. भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत. जाऊबाईंनी सत्यनारायणाच्या प्रसादाला बोलावलं नाही.

७ जुलै

जमिनीच्या फरश्या बसल्या. मोतीराम आता प्रत्येक गोष्टीला "लेखी द्या बाई" म्हणतो. चांगली खोड लागली!

२८ ऑगस्ट

रंग झाला. कौन्सिलनं नर्स पाठवली आहे, सरस्वतीबाई. सध्या शाळेच्या खोलीत उतरली आहे, कारण उद्घाटन झाल्याशिवाय दवाखाना उघडायचा नाही, असं भाऊजींनी ठरवलं. साहेब येणार, कमानी लागणार, हार येणार. तोवर कुलूप! बायांनी कळा थोपवून धराव्या का तोवर?

३ सप्टेंबर

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवते.

दुपारी गोजरबाई सुनेला घेऊन दवाखान्याच्या ओट्यावर आली. सून भिंतीला धरून उभी, घामानं चिंब. दोन दिवसांपासून अडली होती. गोजरबाईनं मला बोलावणं धाडलं. निरोप काय? "बाईले म्हना, समोरच्या दाराशी आली मी."

धावत गेले. नर्सबाईही आली. दाराला कुलूप. मोतीराम मागं पाण्याची टाकी पाहत होता, किल्ली त्याच्या कमरेला.

"उघडा."

"अध्यक्षांनी मना केलं हो बाई. साहेब आल्याशिवाय नाही."

"काम पुरं झाल्याचा दाखला झाला का?"

"नाही अजून. टाकी राह्यली ना."

"कमिटीला ताबा दिला का?"

"दाखल्याशिवाय कसा देनार?"

"मग आज ही इमारत कोणाच्या ताब्यात?"

त्याचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. "माझ्या."

"मग अध्यक्ष कोण मना करणारे? करारनाम्यात लिहिलं आहे, मोतीराम. तुमचा अंगठा आहे त्याच्यावर."

तेवढ्यात पोरगी खाली बसली आणि ओरडली. असं ओरडली की मोतीरामनं डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं. मग म्हणाला, "माझ्या बायकोचंबी असंच झालतं," आणि कुलूप उघडलं.

पूर्वेच्या खोलीत, खिडकीखालच्या खाटेवर. उन्हं उतरायच्या आत मुलगा झाला. नर्सबाई म्हणाली, अजून थोडा उशीर झाला असता तर दोन्ही जीव गेले असते. गोजरबाई माझ्या हाताला धरून रडली. मी हात काढून घेतला नाही.

४ सप्टेंबर

भाऊजी आले. उंबऱ्याबाहेरूनच ओरडले: "गोमूत्र शिंपडा, सगळं धुऊन काढा, ती खाट जाळा!" मी म्हटलं, "लेखी द्या!"

९ सप्टेंबर

उद्घाटन. साहेबांनी आत पाहिलं, खाटेवर बाळंतीण, कुशीत बाळ. खुश झाले! "वा, काम सुरूसुद्धा झालं!" म्हणून भाऊजींचा हात हातात घेऊन हलवला. भाऊजींना हसावं लागलं. आयुष्यात एवढं समाधान मला कधी मिळालं नव्हतं!

३० सप्टेंबर

कोणी येत नाही. आपल्यातली एकही बाई नाही. बुद्रुकांची सून घरीच बाळंत झाली, ताप भरला आहे. पाटलांनी तर लेकीला गाडीत घालून खामगावला नेलं, त्याच रस्त्यानं! गावात सांगतात, तिथं विटाळ झाला. महारवाड्यातल्या बाया येतात. नर्सबाई विचारते, कौन्सिल अशानं दवाखाना बंद तर नाही ना करणार?

भाऊजी म्हणाले होते तसंच झालं. मी कोणावर चिडू?

१२ ऑक्टोबर

माझ्या मुलाचा, भगवानचा निरोप. तो खामगावला कापसाच्या जिनात कारकून आहे. सून आशाला दिवस भरत आले. "आईनं वाईट वाटून घेऊ नये, पण आशाले मी तिथं ठेवनार नाही. लोक काय म्हनतीन?"

माझा मुलगा! लेकीसाठी मी जागा दिली, आणि माझ्या पोटचाच मुलगा! कागद समजून घेतले, भिंत पाडली, कुलूप उघडलं, आणि घरातच हरले. आज जेवले नाही.

१५ ऑक्टोबर

आशा आली. सकाळच्या मोटारीनं, एकटी! भगवान जिनात गेलेला, शेजारणीला सांगून निघाली. कळा रस्त्यातच सुरू झालेल्या. दवाखान्यात शिरून म्हणाली, "आत्याबाई, खाट कोनती?" मी कोपऱ्यातली, वेगळी दाखवली. तिनं नर्सबाईच्या हाताला धरलं आणि सरळ चालत गेली, महारवाड्यातली बाळंतीण होती तिच्या शेजारच्या खाटेवर बसली.

तिथूनच मला म्हणाली, "अन् रडून काऊन राह्यल्या? पानी तापवा."