भिंतीकडची ऊब

साडूबुवांना,

त्यांच्या धाकट्या, गारठलेल्या साडूचा दोन स्वेटर आणि एका कानटोपीसकट मनापासून नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे असं आधी लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, खरं मानू नका. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळून फार बरं वाटलं. पट्टी निघाली का? (निघाली असली तरी डोळ्यांना ताण देऊ नका, बारीक अक्षर तर अजिबात वाचू नका.) ताईंचा मोडलेला हात अजून गळ्यातच आहे ना? पडताना चष्माही फुटला म्हणे, नवीन करायला टाकलात की नाही? तुम्हा दोघांचं असं एकदमच झालं, म्हणून आमची ही मदतीला तिकडे आली, ते योग्यच झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हे पत्र मात्र अत्यंत खासगी आहे. तुम्ही ते दार लावून, एकट्याने वाचावं. आमच्या हिच्या नजरेला तर पडताच कामा नये.

खरं म्हणजे मी फोनच करणार होतो. केलाही. पण तुमच्याकडचा फोन हल्ली हीच उचलते. मी आवाज घोगरा काढून राँग नंबर म्हणून सांगितलं, तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "बरं. कानटोपी घातलीत का?" आणि फोन बंद. म्हणून हा कागदाचा मार्ग.

साडूबुवा, मला धक्का बसला आहे. साधासुधा नाही. बॉयलर फुटल्यावर बसावा तसा (आणि मी उभ्या नोकरीत एकही बॉयलर फुटू दिला नाही, हे तुम्ही जाणताच). इस्पितळाची सगळी वाफ माझ्या हातातून जायची. धुलाईखाना, स्वयंपाकघर, ऑपरेशनची हत्यारं, सगळीकडे ऊब पोचवायची ती मी. त्यामुळे घरातला पलंग कसा गरम ठेवायचा, हा काय माझ्यासाठी प्रश्न होता? मी योजना केली होती. पलंग स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवायचा, भिंतीकडची बाजू माझी, खिडकीकडची हिची. गादीखाली जुन्या वर्तमानपत्रांचे थर, भिंत आणि पलंग यांच्यामधल्या फटीत कापूस. चुलीची ऊब भिंतीत, भिंतीतून गादीत, गादीतून माझ्यात. इतकं सोपं. ही योजना मी घरी आलेल्या प्रत्येकाला समजावून सांगितली. वीज मीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा आत नेऊन पलंग दाखवला. आणि पुरावा काय मागता? कितीही कडाक्याची थंडी असो, मी दारं-खिडक्या, गॅस, नळ असं सगळं तपासून आत यावं आणि अंथरुणात शिरावं, तर जागा कशी, नुकत्याच भाजलेल्या पावासारखी! खिडकीकडची बाजू गार असायची, पण त्याला माझा इलाज नव्हता. भिंत एकच होती.

अशा घरातून ही तुमच्याकडे आली. कधी परतशील म्हणून विचारलं तर म्हणाली, थंडी संपली की बघू. (आमच्या हिचं "बघू" तुम्हाला ठाऊक नाही. घराला रंग काढायचंही "बघू" होतं. भिंती अजून तशाच आहेत.) ही गेली त्या रात्री मी नेहमीप्रमाणे निर्धास्तपणे पांघरुणात पाय घातले आणि असा ओरडलो की आईला वाटलं विंचू चावला. ती काठी घेऊनच आली. मला तर वाटलं कुणीतरी गादीवर बादलीभर पाणी ओतलंय. चाचपून पाहिलं, गादी कोरडी. फक्त गार. भिंतीला गाल लावून पाहिला, भिंतही गार! योजनेत कुठेतरी गळती झाली होती हे उघड होतं, आणि गळती शोधणं हा तर माझा धंदा. दुसऱ्या दिवशी मी पलंग ओढला, कापूस बदलला, वर्तमानपत्रं बदलली, भिंतीवर टिचक्या मारून पोकळ कुठे आहे ते पाहिलं. आई म्हणाली, भिंत बिचारी काय करणार. मी लक्ष दिलं नाही. तेव्हाच द्यायला हवं होतं.

मग इतर उपाय सुरू केले. आधी इस्त्री. चादरीवरून गरम इस्त्री फिरवायची आणि लगेच आत शिरायचं, असा बेत. फिरवताना उशी नीट करायला म्हणून एक क्षण हात सोडला. (आता त्या चादरीवर बरोबर मधोमध इस्त्रीचा तपकिरी छाप आहे. ही तीच चादर, जिच्यावर हिने कडेने फुलं भरली आहेत. मी चादर फिरवून छाप पायाकडे घेतला आहे. याचा उल्लेख कुठेही होता कामा नये.) ऊब म्हणाल तर कूस बदलेपर्यंत टिकली.

त्यानंतर गरम पाण्याची रबरी पिशवी आणली. इथे माझं कुठे चुकलं ते मला अजूनही पटलेलं नाही. बघा, ज्या माणसाने जन्मभर वाफ हाताळली, तो तोंड घट्ट बंद केलेलं उकळतं पाणी कुशीत घेऊन झोपेलच कसा? वाफेला बाहेर पडायला वाट ठेवली पाहिजे, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. पिशवीला तशी वाट नाही हे पाहून मी हबकलोच. असल्या वस्तू दुकानात राजरोस विकतात! मी दाभण तापवला आणि बुचाला नेमकं मधोमध एक भोक पाडलं, अगदी सुबक. पिशवी पोटाशी घेतली. इतकी छान ऊब आली की डोळा लागला. जागा झालो तो ओला. मी, गादी, वर्तमानपत्रं, सगळं ओलंचिंब, आणि पुन्हा गार.

ओली गादी वाळवायची तर गच्चीच्या कठड्यावरच टाकावी लागते. कठडा रस्त्याकडे. समोरच्या इमारतीतल्या नर्सबाईंनी पाहिलं आणि त्यांनी खालूनच आईला विचारलं काय झालं. आईने हात हलवून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की माझ्या मुलाचं वय झालं आता, रात्री गादी ओली होते. साडूबुवा, ती शब्दाने खोटं बोलली नाही, हेच तर भयंकर आहे! संध्याकाळी नर्सबाई घरी आल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, यात लाजण्यासारखं काही नाही म्हणाल्या, आणि एक रबरी चादर घडी घालून माझ्या हातात दिली. ज्या इस्पितळात लोक मला "बॉयलरसाहेब" म्हणायचे, त्याच इस्पितळाचा शिक्का होता चादरीवर. मी बुचाच्या भोकाबद्दल सगळं समजावून सांगितलं. त्यांनी अतिशय मायेने मान हलवली, म्हणजे एका अक्षरावरही विश्वास ठेवला नाही.

शेवटचा उपाय म्हणजे आईचा बोका. अंगाने रुंद, स्वभावाने आळशी, बारा महिने गरम. याच्याइतका बिनधोक बॉयलर नाही असं माझ्या मनात आलं. मी त्याला माझ्या जागेवर ठेवलं, वर पांघरूण घातलं आणि समजावू लागलो, की बाबा रे, तू आधी इथे पड, जागा तापली की माझ्या चपलांचा आवाज येईल, आवाज आला की गुमान खिडकीकडे सरकायचं आणि मला इथे येऊ द्यायचं. (बोका ऐकत होता. निदान कान तरी हलवत होता.) तेवढ्यात मागे कसलासा आवाज झाला. बघतो तर आई दारात उभी राहून हसते आहे. इतकी हसली, इतकी हसली, की कवळी काढून हातात घ्यावी लागली. म्हणाली, "अरे, त्या मुक्या जनावराला काय शिकवतोस? ते ऐकणार नाही. इतकी वर्षं ती ऐकत होती तेवढं पुरे नाही झालं?" कोण ती, म्हणून मी विचारलं. आईने कवळी परत बसवली आणि म्हणाली, "तुझी बायको. भिंत नव्हे."

तुम्ही बसलेले असाल तरच पुढचं ऐका. ही रोज सगळं आवरून माझ्याआधी अंथरुणावर पडायची. मी तिला झोपाळू म्हणायचो, चारचौघांतही म्हणायचो, पडली की झोपली म्हणून. ती झोपलेली नसायचीच! ती माझ्या जागेवर पडून ती जागा तापवायची. इकडे मी नळ तपासायचो, कड्या ओढून बघायचो, मग माझ्या चपला वाजायच्या, की ही सरकायची खिडकीकडे, त्या गार बाजूला. रोज! आणि मी आत शिरून त्या भिंतीला शाबासकी द्यायचो. मोठ्याने द्यायचो! "वा, काय तापली आहे भिंत," असं म्हणायचो आणि ती शेजारी पाठ करून पडलेली असायची. तेव्हा ती हसत होती की काय करत होती, हे आता मला कधीच कळणार नाही.

आईला ठाऊक होतं. आमच्या मुलीला ठाऊक होतं (तिला फोन करून विचारलं, तर म्हणते, बाबा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?). नर्सबाईंना ठाऊक होतं! अख्ख्या जगाला ठाऊक आणि ज्याच्या पाठीखाली ही गोष्ट घडत होती त्यालाच कुणी सांगत नाही, याला काय म्हणावं? मी आईला चांगलंच खडसावलं, मला का नाही सांगितलंस म्हणून. ती म्हणाली, सूनबाईची ताकीद होती, त्यांची योजना मोडू नका, त्यांना फार आनंद होतो. मी उगाच चष्मा पुसत बसलो.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट आता लिहितो. ती निघायच्या आदल्या दिवशी तिचे पाय मला लागले. मी दचकलो आणि म्हणालो, तुझे पाय आहेत की बर्फाच्या लाद्या, माझी ऊब चोरतेस, जरा लांब झोपत जा. "माझी ऊब" म्हणालो मी, साडूबुवा! ती नुसतं "बरं" म्हणाली आणि सकाळी तिने बॅग भरली. मी लांब झोप म्हटलं होतं, इतकं लांब नव्हे हो.

आता तुमच्याबद्दल. मागच्या थंडीत मी तुमच्याकडे येऊन तुमचाही पलंग भिंतीला लावून दिला होता, कापूस आणि वर्तमानपत्रं माझ्या हाताने भरली होती. नंतर तुम्ही चार लोकांत माझं कौतुक केलंत, योजना अप्रतिम आहे, पलंग तव्यासारखा तापतो म्हणालात. साडूबुवा, तुमच्या त्या भिंतीपलीकडे चूल नाही. न्हाणीघर आहे. हे माझ्या आत्ता लक्षात आलं आणि पुन्हा एकदा धक्का बसला. आई म्हणते, ही त्या दोघी बहिणींच्या माहेरचीच रीत, त्यांच्या आईने दोघींनाही शिकवलेली. ताई हल्ली हात सांभाळून आतल्या खोलीत आमच्या हिच्याजवळ झोपतात, म्हणजे तुम्ही पलंगावर एकटे. तेव्हा एकच विचारतो, आणि बॉयलरवाल्याला खरं तेच सांगा. तुमचा पलंग सध्या गरम असतो का? गरम असेल तर माझी योजना अजून जिवंत आहे. गार असेल तर आपण दोघेही सारखेच गाढव, आणि मला तेवढीच सोबत होईल.

ताईंना नमस्कार. हाताला जपायला सांगा, तुमच्या पलंगाची ऊब तो हात बरा होण्यावरच अवलंबून आहे.

तुमचा,
बॉयलरवाला साडू

ता. क. मघाशी लिहिलेलं पलंगाचं ते निव्वळ निमित्त होतं, हे तुम्ही ओळखलं असेलच. तिला पाठवा असं मी म्हणणार नाही, ताईंना तिची गरज आहे. पण मला तिकडे यायचं आहे. मी भांडी घासेन, ताईंची वेणी सोडून सगळी कामं करेन, बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपेन. फक्त या म्हणा. आणि हे तुम्ही म्हणा, माझ्या मनात आहे असं तिला कळू देऊ नका.

ता. क. आणखी एक. तुमच्या डोळ्याला पट्टी आणि ताईंचा चष्मा फुटलेला, तेव्हा हे पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवतंय हे न कळायला मी इतकाही गाढव नाही. तेव्हा साडूबुवा, तुम्ही आता चहा घ्या. पुढचं तुमच्यासाठी नाही.

अगं, चादरीचं मी काहीतरी करतो. हल्ली मी रोज आधी तुझ्या बाजूला पडतो, खिडकीकडे. तिथे किती वारा येतो गं! ती बाजू तापली की भिंतीकडे सरकायचं असं ठरवलंय, पण खरं सांगतो, सरकवत नाही, तिथेच झोप लागते. तू हे रोज कसं केलंस? काल मात्र जागा राहिलो. तुझी बाजू छान तापली होती, आणि मी तुझ्या चपलांचा आवाज येतो का म्हणून कान देऊन पडलो होतो. आला तो बोका. त्याला मी सरकून जागा दिली.