निळ्या बाईवरची बोली

रविवार, २० नोव्हें. १९६६
बोईसर

आज लिलावात एक हंडी माझी होती. मामांनी दहा-बारा शब्द बोलावेत तेवढा वेळ. अंजिरी काचेची, तळाशी एक बुडबुडा अडकलेला. मी हात वर केला आणि मनातल्या मनात ती आमच्या खोलीत खाटेच्या वर टांगली, वात लावली, भिंती अंजिरी झाल्या. मग मागून अणुवीज केंद्राच्या साइटवरच्या गोऱ्या साहेबाने बोली वाढवली. मी अजून एकदा. साहेब अजून एकदा. मामांनी रुमालाने कपाळ पुसलं. ही आमची खूण. मी थांबायचं.

थांबले. हंडी गेली. घरी येताना हात उगाच जड.

मंगळ. २२ नोव्हें.

हे साइटच्या स्टोअरवर. सहाशिवाय येत नाहीत. दुपार लांबच लांब. खाटेवर पडून माझ्या झालेल्या वस्तू आठवत बसले. पांढरी गुलाबदाणी. जहाजावरचं होकायंत्र. झुंबराचे लोलक, हलले की पाण्यासारखे वाजणारे. सगळं नीट ठेवलंय मी. खोली एकच, पण जागा पुरते.

मिरजेहून इथे आलो तेव्हा कुणी ओळखीचं नव्हतं. फक्त ह्यांचे मामा. तारापूर-चिंचणीकडच्या बंद बंगल्यांतलं जुनं सामान उचलायचं आणि स्टेशनमागच्या वखारीत रविवारी लिलाव, हा त्यांचा धंदा. ह्यांची नोकरीही त्यांच्याच शब्दावर. गणपतीनंतर एकदा म्हणाले, "सूनबाई, लिलाव म्हणजे नाटक. कुणीतरी पहिली टाळी वाजवावी लागते. तू नुसता हात वर कर. घ्यायचं काही नाही."

बाईमाणसाचा संशय कोण घेतो. मला त्यात लबाडी वाटली नाही. अजून वाटत नाही.
थोडी वाटते.

रवि. २७ नोव्हें.

एडवणचे हरिकाका आज माझ्या शेजारी येऊन बसले. म्हातारे, पानवेलीची वाडी आहे त्यांची. धोतराला मातीचा वास. काचेच्या वस्तूंचा भारी नाद, दर रविवारी सफाळ्याहून गाडीने येतात. मी ओळखत होते, बोलणं कधी नव्हतं.

"बाय, तुला एक सांगू? मी वस्तूकडं बगतच नाय. तुज्या हाताकडं बगतो."
"का हो?"
"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. काच खरी का खोटी, जुनी का नवी, आता समजत नाय. तू हात वर केलास का मी समजतो, वस्तू खरी हाय."

मी हसले.

तेवढ्यात मामांनी ती वर धरली. काचेच्या मागून रंगवलेलं चित्र. निळं नेसलेली बाई, खिडकीशी बसलेली, खिडकीत समुद्र. अशी वस्तू मी कधी बघितली नव्हती. हात कधी वर गेला कळलंच नाही. काका पुढे गेले. मी परत. काका परत. मामांचा रुमाल खिशातच. मी जात राहिले, कारण त्या खिडकीतून मला आत जाता येत होतं, खरंच, पाय ओले होत होते. शेवटी रुमाल निघाला.

बाई काकांना मिळाली. लहान पोरासारखे खूश. "माज्या घरी ये बगायला. सफाळ्याहून बस जाते थेट."

गुरु. १ डिसें.

मामा एकटेच असतात, म्हणून गुरुवारी मी डबा देते. आज वखारीत कुणी नव्हतं. मागच्या खोलीचं दार उघडं. भिंतीला टेकवून तीन निळ्या बाया वाळत ठेवलेल्या. तीच खिडकी, तोच समुद्र. एकीच्या पदराला मागून बोट लावलं. बोट निळं झालं.

मामा मागे उभे. रागावले नाहीत.
"मुंबईचा एक कारागीर करून देतो. हात चांगलाय त्याचा."
"काकांना तुम्ही जुनी म्हणून दिलीत."
"मी कुठे जुनी म्हटलं? चित्र आहे म्हटलं. किंमत तुम्ही दोघांनी चढवलीत."
मग डबा उघडत, अगदी मायेने, "सगळंच कधीतरी नवं असतं सूनबाई. होईल जुनं."

रॉकेलने बोट पुसलं. रंग गेला, वास राहिला. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मामांच्या धंद्यात आपण कशाला. तू जाऊ नकोस, झालं." इतकं सोपं.

रवि. ४ डिसें.

गेले. पण हात वर करायचा नाही असं ठरवून गेले. काका शेजारी.

पोपटी काचेची एक सुरई निघाली. ती खरी. चिंचणीच्या बंगल्यातून ती बैलगाडीवरून आली तेव्हा पेंढ्यातून मीच काढली होती. उन्हात धरली तर आत तळं. मामांनी माझ्याकडे तीनदा पाहिलं. मी हात पदरात गुंडाळून बसले. काकाही हलले नाहीत. सुरई कुणा दुकानदाराला अगदीच स्वस्तात गेली.

बाहेर पडताना काका कानाशी, "बरं झालं तू गप बसलीस. तवाच समजलो, खोटी हाय."

म्हणजे माझं गप्प बसणंही बोलीच. यातून बाहेर पडायला दारच नाही, फक्त

सोम. ५

काल वाक्य पुरं केलं नाही. फक्त सांगणं. एवढंच राहिलंय.

शनि. १० डिसें.

एडवणला जाऊन आले. ह्यांना सांगून गेले. हे म्हणाले, "मामांना कळलं तर?" मी म्हटलं, कळेल. हे सफाळ्यापर्यंत सोबत येतो म्हणाले, पण स्टोअरवरची पाळी निघाली.

वाडीत पानवेलींचा हिरवा काळोख. त्याच्या पोटात घर. काकांनी माजघराची पश्चिमेची खिडकी उघडली आणि मी दारातच थांबले. माझी गुलाबदाणी. माझे लोलक. भिंतभर, फळ्याफळ्यांवर, जे जे माझं झालं होतं त्यातलं कितीतरी तिथे नांदत होतं. जमिनीवर रंग सांडलेले, आणि त्या रंगांत काका अनवाणी फिरत होते. स्वप्नात असते तसं. माझ्याच स्वप्नात दुसरं कुणी राहतंय असं. निळी बाई मधोमध. समुद्रामागून खरं ऊन येत होतं.

"दिसत नाय नीट," काका म्हणाले. "पण निळं पडतं ना अंगावर, तेवडं समजतं."

सांगितलं. उभ्याउभ्याच. मामा कोण लागतात, रुमालाची खूण, मागच्या खोलीतल्या तीन बाया, बोटाला लागलेला रंग. पोपटी सुरई खरी होती तेही.

काकांनी निळ्या बाईवर तळहात ठेवला. काढला.
"किती दिवस?"
"गणपतीपासून."
"समद्याच खोट्या?"
"नाही. ही एकच, मला माहीत असलेली. बाकीच्यांचं खरंच माहीत नाही."
"आनि तुला पायजे होत्या ह्या? का नुसताच हात?"
"हव्या होत्या. प्रत्येक."

ते बाहेर जाऊन वेलींना पाणी लावत बसले. मी बराच वेळ ओट्यावर. मग त्यांच्या सुनेने चहा दिला, बसची वेळ सांगितली. निघताना काकांनी मान वर केली नाही.

बसमध्ये शेजारी माकुणसारची एक बाई. विचारत होती, बाय, बरं नाय काय? म्हटलं, बरं आहे.

मंगळ. १३ डिसें.

मामांना घरी जेवायला बोलावलं आणि मीच सांगितलं. जेवता जेवता थांबले. "माझं गिऱ्हाईक घालवलंस." मग, "मी तुला घरचं समजत होतो." हे खाली मान घालून उभे. मामा ताट अर्धं टाकून उठले. ह्यांच्या नोकरीचं एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

रवि. १८ डिसें.

जाणार नव्हते. गेले. मागच्या रांगेत बसले, गिऱ्हाइकासारखी. मामांनी पाहिलं न पाहिलंसं केलं.

काका येणार नाहीत असं वाटत होतं. आले. एक खुर्ची सोडून बसले.

जांभळ्या काचेची दौत निघाली. कडेला टवका उडालेला, खिडकीकडे धरली तर मामांचा हात जांभळा. काकांनी समोरच बघत विचारलं,
"बाय, कशी हाय?"
"खरी. कडेला टवका आहे. बाकी खरी."

मामांनी ऐकलं असेल. काकांचे हात मांडीवर. बोली चढत गेली, काका हलले नाहीत. दौत साहेबाच्या मडमेने नेली.

लिलाव उठल्यावर काकांना रूळ ओलांडून फलाटावर सोडायला गेले. आधाराला हात पुढे केला. घेतला नाही, काठीने चाचपत गेले. बाकावर बसले. मी उभी.

"खरी होती?"
"होती काका."
"असंल."

ऊन उतरलं. गाडीला वेळ होता. मी तिथेच उभी राहिले. त्यांनी जा म्हटलं नाही.