ओडेसाचे नऊ गुण

७ ऑक्टोबर
गुण देण्याचा नवा तक्ता आला. रुब्रिक म्हणायचं त्याला! पाच ओळी, प्रत्येकीला चार गुण — मुद्दा, पुरावा, मांडणी, वाचकाचं भान, भाषा. बावीस वर्षं कॉलेजात निबंध तपासतेय, आणि आता लेखन चौकटीत बसवून मोजायचं. विभागप्रमुख ग्वेनशी भांडले. ती शांतपणे म्हणाली, एकाच निबंधाला आपण दोघी वेगवेगळे गुण देतो, त्याचं काय करायचं? तिचं बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला.

१४ ऑक्टोबर
ओडेसा प्रुइटचा निबंध. वय एक्कावन्न, इथे टोलेडोतल्याच एका वृद्धाश्रमात मदतनीस. सकाळची पाळी करून वर्गाला येते. लिहिलंय तिथल्या पेट्राकिस नावाच्या म्हाताऱ्यावर. त्याने घंटी दाबून वाट पाहिली, कुणी आलं नाही, स्वतःच उठला, पडला, खुबा मोडला. ओडेसा तेव्हा शेजारच्या खोलीत एका बाईला आंघोळ घालत होती. घंटी ऐकत होती, हातातलं सोडता येत नव्हतं.
वाचून रडले. तक्त्याप्रमाणे वीसपैकी नऊ! पुराव्याला शून्य. जिवावर आलं, तरी दिले.

१५ ऑक्टोबर
दिवसभर स्वतःचीच लाज वाटली.

१६ ऑक्टोबर
माफी मागायला तिला बोलावलं. म्हटलं, गुणांचं मनावर घेऊ नकोस, निबंध आतपर्यंत पोचला. ती तक्ता पुढ्यात घेऊन बसलेली.
"प्रोफेसर, तुम्ही रडलात, बरं वाटलं. पण मला हे आमच्या संचालकांना द्यायचंय. ते रडणार नाहीत. ही पुराव्याची ओळ कशी भरायची, तेवढं सांगा."
खुर्ची तिच्या बाजूला ओढली. मग दीड तास दोघी त्या एका ओळीवर बसलो.

२९ ऑक्टोबर
दुसरा मसुदा. तिच्या मजल्यावर एका मदतनिसावर अठरा म्हातारी माणसं. दहा दिवसांत कुठल्या खोलीची घंटी किती मिनिटं वाजत राहिली, याची तिने स्वतः ठेवलेली नोंद. आंघोळीचा परिच्छेद मात्र कापून टाकलाय! ठेव म्हटलं, तर म्हणाली, "तो माझ्यासाठी होता."
सतरा दिले. मला अजून पहिलाच आवडतो. चिडचिड होतेय, आणि नेमकी कुणावर ते कळत नाही.

१८ नोव्हेंबर
ओडेसाचा निरोप. संचालकांनी निबंध वृद्धाश्रमाच्या कार्यकारी मंडळापुढे ठेवला. सोमवारपासून त्या मजल्यावर दोन मदतनीस.
मी माझ्या जुन्या पद्धतीने पहिल्याच मसुद्याला 'ए' देऊन तिला घरी पाठवलं असतं.