इंजिनातली शिट्टी

बुरहानपूर, ९ नोव्हेंबर १९५६

शाहपूरच्या पाटलांचा जुना पिकअप उभा राहिला की बंद पडतो. ह्यांनी प्लग बदलले, कार्बुरेटर साफ केला, फरक नाही. लग्नानंतर नवलच वाटायचं मला. गाडी सिंधीपुऱ्याच्या वळणावर असतानाच हे जेवता जेवता नुसत्या आवाजावरून तिचा दोष सांगायचे. आता कान गेलेत, पण गिऱ्हाइकांना सांगवत नाही.

आज दुपारी गॅरेजातून मला हाक मारली. "तू ऐक."

मी वाकले. बारीक शिट्टी येत होती, फटीतून हवा ओढल्यासारखी. मी बोट दाखवलं. त्या जोडावर त्यांनी तेल सोडलं.

"थांबली?"

तेलानं फट बुजून शिट्टी थांबली, इंजिनही एकसारखं चालू लागलं. मी मान हलवली. माझे डोळे का भरून आले? ह्यांनी जोडाचं पॅकिंग बदललं.

संध्याकाळी पाटील गाडी न्यायला आले, मोठ्यानं म्हणाले, "मिस्त्री, कान तर अजून पक्के आहेत तुमचे."

हे माझ्याकडे बघत म्हणाले, "आहेत."