बोलक्या डब्ब्यामागे

मॅडम, डब्ब्यानं गावातल्या एका आजीला तिसऱ्यांदा तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं आणि ती पदर झटकून उठून गेली, त्या घटकेला माझं सगळं बदललं. डब्बा म्हणजे नुसता पुठ्ठा अन् आत एक स्पीकर. बोलत होतो मी, चादरीच्या मागे माईक धरून. यंत्र बांधायच्या आधी माणसं त्याच्याशी कशी बोलतात ते पाहायचं, हे तुमचं संशोधन. कापसावर कोणती फवारणी, मंडीत भाव काय, हे आमच्या बेला गावच्या बायकांना आपल्या बोलीत विचारता यावं म्हणून तुम्ही पुण्याहून आल्या होत्या, अन् आमच्यासारखं बोलणारा कोणीतरी तुम्हाला हवा होता. मी रिकामाच होतो. आदिलाबादचं कॉलेज मधेच सोडलेलं. वर्गातली एक मुलगी मला आवडायची, तिच्याबद्दल एक जण वंगाळ बोलला, मी त्याचं नाक फोडलं. तिनं मला मारायला सांगितलं नव्हतं, मी तिला विचारलंही नव्हतं. त्यानंतर ती माझ्याशी बोलेना अन् बाबा घरात बोलेना.

तर आजी. "नोंदीसाठी नवऱ्याचं नाव सांगा," डब्बा म्हणतो. आजी पदर सारखा करते. पुन्हा म्हणतो. आजी बायकांकडे पाहते. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. तशी ती डब्ब्याकडे बोट करून म्हणाली, "काऊन रे बापा, तुले कोनी शिकवलं नाई का? मालकाचं नाव घेऊ का मी तोंडानं, भर सभेत?" अन् चालली. बाहेर बायका पदर तोंडाला लावून हसून राहिल्या होत्या. मी चादर फेकून बाहेर आलो. "अडाणी हाय म्हातारी, मॅडम. सोपा सवाल होता."

तुम्ही ओरडल्या नाही. चष्मा पुसत म्हणालात, "उत्तर तिला माहीत होतं. सवाल अडाणी होता. आणि तो मी लिहिला होता." मला वाटलं होतं आता हाकलतील. तुम्ही मात्र स्टोव्हवर चहा ठेवला आणि विचारलं, "तुमच्याकडे बायका नाव घेतातच नाहीत का कधी?" मी रागातच बोललो, "घेतात की. लग्नात, डोहाळजेवणात. उखाण्यात." तुम्ही चहा तसाच उतू जाऊ दिला.

दुसऱ्या दिवशी आजीला मनवून आणलं. डब्बा म्हणाला, "आजी, चुकलं माझं. एक उखाणा होऊन जाऊ द्या." बायकांनी कल्ला केला. आजी लाजली, खरंच लाजली मॅडम, सत्तरीची बाई. मग म्हणाली, "पांढऱ्या कापसात काळी सरकी, अमुकरावांचं नाव घेते, डब्ब्या, आता घेऊ नको फिरकी!" अमुकराव मी लिहिलं; खरं नाव तिच्याच तोंडी शोभतं. चादरीमागे मला हसू आवरेना, अन् डोळ्यांत पाणी का आलं ते आजही सांगता येत नाही.

त्याच दुपारी तुम्ही मला कॉलेजातल्या त्या मुलीला पुन्हा पुन्हा फोन लावताना पाहिलं. "उचलला तर काय विचारतोस तिला?" "माझी होशील का, दुसरं काय?" "रोज?" "रोज." तुम्ही एवढंच म्हणालात, "आणि ती कशी आहे, हे कधी विचारलंस?" मी हेडफोन आपटून निघून गेलो. सकाळी परत आलो तर माझ्या जागेवर नवे हेडफोन. तुम्ही वर पाहिलंही नाही. "बस. बायका आल्यात." त्या दिवसापासून मी तिला फोन केला नाही.

पुढल्याच वर्षी आजारानं तुम्हाला नेलं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी अजून हेच काम करतो, दवाखान्यातली बोलकी यंत्रं रोग्यांना विचारतात ते सवाल लिहितो. डिग्री नाही, तरी लोक मला सर म्हणतात. तुम्ही असत्या तर हसल्या असत्या. पण आज लिहायला बसलो ते त्या मुलीपायी. काल इतक्या वर्षांनी तिचा मेसेज आला. बहिणीकडे आली आहे, आदिलाबादजवळ मावल्याला. "मुधोळचं स्थळ आलंय. हो म्हणायच्या आधी एकदा बोलायचं होतं. येशील? पण भांडायला नको येऊ."

रात्रभर भाषण तयार केलं. सकाळी खोडलं. ती मला हो म्हणेल की स्थळाला हो म्हणेल, मला ठाऊक नाही. पहिल्यांदाच असं होऊन राह्यलं की ती काय बोलेल ते ऐकायची मला माझ्या बोलण्यापेक्षा जास्त ओढ आहे. हे तुमच्याकडून आलं. त्याचे आभार मी कधी मानले नाही. तुमच्याशी भांडण्यातच वेळ गेला.

हे पाठवायचं नाही. तुम्ही असत्या तर लिहिलंही नसतं, फोनवर हुज्जत घातली असती. एक गोष्ट तेवढी सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगायची हिंमत नाही: मला भीती वाटते, मॅडम. नाक फोडताना नव्हती वाटली. आता गाडीची चावी समोर ठेवून लिहीत बसलो आहे अन् उठवत नाही.

पाच वाजता बोलावलंय तिनं. निघतो. दार ओढून घेतो.