लांडगीसाठी कॅमेरा

५ जानेवारी २०२५, रविवार
संकल्प पाच दिवस उशिरा, पण पक्का. वाइल्डलाइफ फोटोग्राफी करणार. आमच्या चकलांब्याच्या माळावर लांडगीनं पिल्लं घातलीत. मेंढपाळ हरिबानं ही बातमी फक्त मला दिली. म्हणाला, "अमरदादा, तुमी फोटू काढा. तवर मी मेंढरं तिकडं न्हाई नेत. पर बिगीनं या. लई दिस एका जागी न्हाई ऱ्हायची ती." आठवड्यात कॅमेरा घेणार. बजेट चाळीस हजार. विषय संपला.

१२ जानेवारी
बीडला गेलतो. दुकानदाराचं पहिलंच वाक्य, "नवशिके आहात का?" डेअरीच्या चेअरमनला नवशिका! वर एक वापरलेला कॅमेरा पुढं केला. लेन्स त्यालाच चिकटलेली, झूम लांबचा. म्हणे सुरुवातीला हाच परवडतो, पक्षी-प्राणी जवळ दिसतात. माणूस बघून माल दाखवावा की नाही? अर्धा चहा तसाच टाकून उठलो. त्याला कळलं असेल.

१९ जानेवारी
आठवडाभर व्हिडिओ पाहिले. एक म्हणतो मिररलेसच घ्या. दुसरा म्हणतो अजिबात घेऊ नका. दोघांनाही कमेंटमध्ये झापलं. एकानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. डोकं जास्तच फिरलं.
स्वप्नाली म्हणाली, "तो जुनाच घ्या की. लांडगीला काय कळतंय?" बायकोनं असं बोलावं? दोन दिवस तिच्याशी बोलणार नाही.

२१ जानेवारी
अबोला संपला. तिच्या लक्षातच आला नव्हता.

२८ जानेवारी, सकाळी ७
हरिबा डेअरीवर आला. लांडगीनं कोकरू नेलं. त्याची बायको साखराबाई बिळात धूर घालायचं म्हणतेय. हरिबानं तिला थोपवून धरलंय, म्हणतो, "दादांचा फोटू होऊ दे आधी." मी सांगितलं, रविवारी नक्की. वाईट वाटलं. पण कॅमेरा घाईत घेतला की आयुष्यभर पस्तावतो माणूस. हे मेंढ्या वळणाऱ्याला कसं समजवायचं?

२ फेब्रुवारी
रविवार. डेअरीची मीटिंग. सभासदांनी नेमकी आजच दुधाच्या फॅटवरून भांडणं काढली. सगळ्यांना सुनावलं. माळावर जाणं राहिलं, त्याला हे लोक जबाबदार.

१६ फेब्रुवारी
घेतला! दुसऱ्या दुकानात. तिथला पोरगेला सेल्समन प्रत्येक वाक्यात 'सर' म्हणत होता. नवा कोरा, काळाभोर, जड. बजेटच्या थोडा वर गेला. झूम कमी आहे, असं तो हळूच म्हणाला. त्याला म्हटलं, मी जवळ जाईन. मी काय लांडगीच्या बापाला घाबरतो? खोकं माळावरच फोडणार.

२३ फेब्रुवारी
सकाळीच माळावर गेलो. बीळ रिकामं. मला न सांगता गेली!
हरिबा बिऱ्हाड घोड्यावर लादत होता. माळावरचा चारा संपला, गंगथडीला, गोदावरीच्या काठी निघाले दोघं. साखराबाईवर ओरडलो, धूर घातलास का म्हणून. ती म्हणाली, "गेलते की घालाया. तर ती एकेक पिल्लू तोंडात धरून पलीकडं नेत हुती. तीन हुती. तिसरं लई वळवळत हुतं. माज्यानं न्हाई झालं." आणि हसली.
मग हरिबा जरा लाजत म्हणाला, "दादा, कॅमेरा आणलाच हाय तर आमचा दोघांचा एक काढा. लग्नातबी निघाला न्हाई."
साखराबाईनं पदर नीट केला. दोघं घोड्याला टेकून ताठ उभे राहिले. मी खोकं फोडलं, बॅटरी बसवली, बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. बॅटरी आधी चार्ज करावी लागते, हे त्या 'सर सर' करणाऱ्याला सांगता येत नव्हतं? संताप संताप झाला. पण ते दोघं श्वास रोखून उभे होते.
"झाला का, दादा?"
मी म्हणालो, "झाला."
साखराबाईला बघायचा होता. मी म्हणालो, धुवून आणावा लागतो.
"बरं," म्हणाली, आणि दोघं निघाले.
घरी येऊन बॅटरी चार्जिंगला लावली. दोन तासांत भरली. काहीच अवघड नव्हतं.