एक उच्चार, दोन हात

सर, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि दाद मागायला तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. मोबाइलला तोंडी सांगून, अगदी अस्सल इंग्रजीत, गव्हाचं पीठ मागवलं. दारात फ्लॉवरचे तीन गड्डे आले. तुमच्या वर्गात हे घडलं नसतं. पारोळ्याच्या त्या पत्र्याखाली तुम्ही ‘फ्लॉवर’ म्हणता आणि मूठ जात्यासारखी फिरवता, म्हणजे पीठ. पुन्हा ‘फ्लॉवर’ म्हणता, मिटलेली बोटं उघडता, म्हणजे फूल. ‘हिअर’ म्हणत कानाला हात लावला की ऐकणं. तेच म्हणत बोट खाली दाबलं की इथे. मागच्या बाकावरून कोणीतरी कुजबुजतं, “सरांना ट्रॅफिक पोलीस व्हायचं होतं.” तुम्हीही हसता.

परवा धुळ्याला जाताना मुद्दाम तुमच्या घरापाशी थांबले. दारात टेम्पो, त्यात गाद्या. तुमच्या माघारी एकट्या राहिलेल्या काकूंना वृद्धाश्रमात न्यायला तुमचा धुळ्याचा पुतण्या आला होता.

“काकूनं डोकं गयं, ताई,” तो म्हणाला. “जन्मपासून आयकाले येत नही, ते ठीक. आते बठ्ठा दिवस खाले बोट दखाडस. पलंग सरकाडी दखा, काहीच पडेल नही!”

जन्मापासून? मी ओट्यावरच बसले. आम्ही तीन वर्षं ज्या हातांना हसलो ती तुमच्या घरची बोली होती, सर! चूल, बाजार, भांडण, सगळं तुम्ही तिच्यात केलंत, आणि आम्हांला कधी एका शब्दानं सांगितलं नाहीत. आत काकू फरशीवर बोट दाबत होत्या. नख पांढरं होईपर्यंत.

“अहो भाऊ, त्या काही शोधत नाहीयेत,” मी म्हणाले. “इथे म्हणताहेत. इथेच राहायचंय त्यांना.”

त्यानं वळून काकूंकडे पाहिलं. “मंग इतला दिन काकू आमनासंगे बोली राह्यनी व्हती?” मग त्यानं टेम्पोतली एक गादी खांद्यावर घेतली आणि आत आणून टाकली.

शाळा सुटली त्या दिवशी तुम्हांला वाकून नमस्कार केला होता. ज्यांच्याकडून तुम्ही हे शिकलात, त्यांना करायचा राहिला होता. तो परवा केला, पुतण्याची पाठ वळलेली असताना. काकूंनी माझ्या तोंडासमोर दोन्ही हातांनी भराभर काहीतरी सांगितलं, बराच वेळ. मला त्यातलं अक्षरही कळलं नाही, सर. मी मात्र सगळं कळल्यासारखी मान हलवत राहिले.